स्वर्गातले वतन

आमच्या भावकीतले एक घर ख्रिस्ती आहे. माझ्या आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, चुलत्याने बाप्तिस्मा घेतला होता. पुढे 1956 साली उरलेली सगळी भावकी बौद्ध झाली तेव्हाही ते घर ख्रिस्तीच राहिले. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आमची आणि त्यांची भिंत एक आहे. लग्नाला, मयताला आम्ही एकमेकांकडे जातो. एरवी थोडे अंतर ठेवून असतो.

2008 साली त्या घरातली माझी चुलत आजी वारली. मी तेव्हा एम.ए.ला होतो आणि सुट्टीत गावी आलो होतो. मातीला पाळक आले. त्यांचे बोलणे साधे होते आणि मनापासूनचे होते. या बाईने जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपले, दुष्काळात खडी फोडली, तिच्या नावावर गुंठाभर जमीन झाली नाही. पण आज तिला तिच्या स्वर्गीय पित्याने वतन दिले आहे, असे ते म्हणाले. माझ्याशेजारी आबा उभे होते. पोरपणी बापाबरोबर येसकरकी केलेला माणूस. ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “वतन? मेल्यावर बी वतनच का?”

मला हसू आले. ते पाळकांनी पाहिले, आजीच्या मुलानेही पाहिले. त्या हसण्याची मला पुढे पुष्कळ दिवस लाज वाटली. पण आबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आज तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवताना, शब्दांचे अर्थ मुलांना सांगून पोट भरताना, तो प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. या लेखात तो मांडायचा आहे.

ख्रिस्ती शिकवणुकीतल्या स्वर्गीय प्रतिफळाच्या कल्पनेची चिकित्सा आपल्या चळवळीत फारशी झालेली नाही. जी झाली ती बहुधा एका वाक्यात उरकली गेली. मार्क्सने 1844 साली धर्माला अफू म्हटले, आपण ते उचलले आणि पुढे गेलो. त्याच परिच्छेदात मार्क्स धर्माला खऱ्या दुःखाविरुद्धचा निषेधही मानतो, हे आपल्या व्याख्यानांत सहसा येत नाही. अफू म्हटले की काम संपते. ती कोणी पिकवली, कोणी विकली, कोणाला कोणत्या दुखण्यासाठी लागली, हे विचारायचे राहून जाते. मला असे वाटते की दलित समीक्षेने येथे थांबून संहिता वाचली पाहिजे. आपण मनुस्मृती वाचली, ज्ञानेश्वरी वाचली. मग आपल्याच हजारो भावंडांच्या उशाशी असलेला ग्रंथ न वाचता बाजूला का सारावा?

पहिला शब्द ‘प्रतिफळ’. डोंगरावरच्या प्रवचनात, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, छळ सोसणाऱ्यांना स्वर्गात मोठे प्रतिफळ असल्याचे सांगितले आहे. मराठीत हा शब्द भारदस्त आहे, देवघरातला आहे. शेतात कोणी कोणाला प्रतिफळ देत नाही. मूळ ग्रीकमध्ये तेथे ‘मिस्थॉस’ असा शब्द आहे. मला ग्रीक येत नाही; कोश आणि शब्दानुक्रमणी समोर ठेवून मी हे पाहिले आणि धर्मशास्त्र शिकलेल्या एका मित्राकडून तपासून घेतले. मिस्थॉस म्हणजे मजुरी, रोजंदारी. त्याच मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक संध्याकाळी कारभाऱ्याला मजुरांना बोलावून पैसे द्यायला सांगतो, तेव्हाही शब्द मिस्थॉसच आहे. तेथे मात्र मराठी भाषांतर ‘मजुरी’ म्हणते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात श्रीमंतांना दरडावले आहे. ज्यांनी तुमची शेते कापली त्यांची तुम्ही दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणे देवाच्या कानी गेले आहे, असा त्याचा आशय आहे. तेथेही मूळ शब्द तोच, आणि तेथेही मराठीत ‘मजुरी’.

म्हणजे ग्रीक ऐकणाऱ्या गुलामाच्या आणि मजुराच्या कानात स्वर्गातला शब्द आणि शेतातला शब्द एकच होता. मराठीत त्याचे दोन तुकडे झाले. खाली मजुरी, वर प्रतिफळ. भाषांतरकारांनी हे कावेबाजपणे केले असे मी म्हणत नाही. इंग्रजीतही हीच फाळणी आहे आणि ती जुनी आहे. पण परिणाम काय झाला? ‘तुझी मजुरी स्वर्गात मोठी आहे’ असे ऐकणारा माणूस लगेच विचारील, मग इथली कुठे गेली? कोणी ठेवून घेतली? ‘प्रतिफळ’ ऐकल्यावर हा प्रश्न उठत नाही.

चुलत आजीच्या मुलाला, म्हणजे काकांना, मी अलीकडे याकोबाच्या पत्राविषयी विचारले. ते म्हणाले, आईला ते पान पाठ होते. 1972 च्या दुष्काळात ती खडीच्या कामावर होती. मस्टरवर अंगठा घेतला आणि दोन आठवड्यांचे पैसे अडकले. ती दर शनिवारी पाच कोस चालून जायची आणि साहेबाच्या खोलीबाहेर बसायची. आत जाऊ देत नसत. मिळाले का, असे मी विचारले. “निम्मे,” काका म्हणाले. ही बाई स्वर्गावर पूर्ण विश्वास ठेवणारी होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तिच्या विश्वासाने तिला शनिवारी घरी बसवले नाही.

द्राक्षमळ्याचा दृष्टांत आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर वाचावा. त्यात दिवस मावळताना चौकात उभे असलेले मजूर आहेत. का उभे आहात, असे विचारल्यावर ते सांगतात की आम्हाला कोणी कामाला लावले नाही. आपल्या शहरांतल्या कुठल्याही नाक्यावर सकाळी दहानंतर हे उत्तर ऐकायला मिळते. मालक तासाभराच्या कामाबद्दलही त्यांना दिवसाची पूर्ण मजुरी देतो. जॉन रस्किनने 1860 साली आपल्या अर्थशास्त्रावरच्या निबंधांना नाव दिले ते याच दृष्टांतातून, आणि गांधींचा सर्वोदय त्यातून निघाला. पण दृष्टांताचा शेवट मला टोचतो. सकाळपासून राबलेले मजूर कुरकुर करतात तेव्हा मालकाचे म्हणणे असे की, माझे पैसे मी हवे तसे खर्चीन. उदारपणा आहे, पण मर्जी मालकाची आहे. दया आणि हक्क यांतला फरक आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत. गंमत अशी की खुद्द पौलाला हा फरक ठाऊक होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो मान्य करतो की काम करणाऱ्याची मजुरी ही मेहेरबानी नसते, ते देणे असते. हे मान्य करून तो मेहेरबानीच्या बाजूला वळतो, कारण त्याला तारण फुकट मिळते हे सांगायचे आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्याचे बरोबर असेल. मजुराच्या दृष्टीने त्याने हातातले कागद परत ठेवून दिले.

आता आबांचा शब्द. मराठी पवित्र शास्त्रात वारशासाठी ‘वतन’ हा शब्द सर्रास वापरला आहे. सौम्य लोकांना पृथ्वीचे वतन, सर्वस्व सोडणाऱ्यांना सार्वकालिक जीवनाचे वतन. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मायदेश. मराठी मुलखात त्याचा अर्थ झाला वंशपरंपरेने चालणारा हक्क आणि त्याच्याशी बांधलेले काम. पाटलाचे वतन वेगळे आणि महाराचे वेगळे, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको. पाटलाला वतनाने गाव दिला. महाराला हाडकी-हाडवळा, दारोदारचे बलुते आणि त्याबदल्यात दिवसरात्र कोणाच्याही हाकेला ओ देणे दिले. सांगावे पोचवायचे, सरकारी माणसांची ओझी वाहायची, मेलेली ढोरे ओढायची, आणि एकाच्या नावचे वतन असले तरी राबायचे सगळ्या घराने. बाबासाहेबांनी 1927 साली ‘बहिष्कृत भारता’तून महार वतनावर लिहिले आणि 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. वतन हा मान नसून बेडी आहे, हे आपल्याच लोकांना पटवायला त्यांना कष्ट पडले, कारण पुष्कळांना त्या चतकोर जमिनीचा लोभ होता. शेवटी 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. आबा ज्या शब्दातून सुटले होते तो शब्द त्यांना चुलतभावजयीच्या थडग्यापाशी पुन्हा भेटला.

पण मूळ संहितेत हे वतन काय आहे? जुन्या करारात ते शब्दशः जमीन आहे. यहोशवाच्या पुस्तकात चिठ्ठ्या टाकून वंशावंशांना वाटून दिलेली जमीन. नाबोथ नावाचा एक साधा शेतकरी आहे. राजा अहाबाला त्याचा मळा भाजीपाल्यासाठी हवा असतो. तो बापजाद्यांचे वतन विकत नाही म्हणतो, तर खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार मारतात. ‘सौम्य लोक पृथ्वीचे वतन भोगतील’ हा विचारही मत्तयाचा स्वतःचा नाही. तो सदतिसाव्या स्तोत्रातून आला आहे आणि त्या स्तोत्रात दुर्जनांची सद्दी संपून गरिबांच्या पायाखाली जमीन येण्याची गोष्ट आहे. जमीन, आभाळ नव्हे. मार्काच्या दहाव्या अध्यायात पेत्र येशूला सांगतो की आम्ही सगळे सोडून आलो. मत्तयाचा पेत्र याच प्रसंगी उघडच विचारतो, मग आम्हाला काय मिळणार? हा कामकऱ्याचा प्रश्न आहे आणि येशू त्याबद्दल रागावत नाही. मार्कात उत्तर आहे ते असे की घरे, भावंडे, शेते शंभरपटीने ‘या काळी’च मिळतील, छळासह, सार्वकालिक जीवन पुढच्या युगात. मत्तयात हे ‘या काळी’ गळाले आहे. मातीच्या प्रवचनांत मी मार्काचे हे उत्तर अजून ऐकलेले नाही.

सगळ्यात अवघड जागा कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. दासांनो, धन्यांच्या आज्ञा पाळा, मन लावून काम करा. प्रभूकडून तुम्हांला प्रतिफळ म्हणून वतन मिळेल, अशी ती शिकवण. आपले दोन्ही शब्द येथे एकत्र आले आहेत. रोमन कायद्यात गुलाम असेतोवर माणसाला स्वतःची मालमत्ता नव्हती, वारसा नव्हता. त्याला वारस म्हणणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. लगेच पुढे अन्याय करणाऱ्याला अन्यायाचे फळ मिळेल असेही आहे, आणि धन्यांनी दासांशी न्यायाने वागावे असेही. पण हिशोब कसा मांडला आहे पाहा. काम धन्याचे, मजुरी देवाकडून. धन्याच्या अंगावरचे देणे देवाने उचलले. धनको आणि ऋणको समोरासमोर येण्याची वेळच राहिली नाही.

हा हिशोब प्रत्यक्षात कसा वापरला गेला हे अमेरिकेतल्या आणि वेस्ट इंडिजमधल्या गुलामांच्या इतिहासात दिसते. काळ्या धर्मोपदेशक-विचारवंत हॉवर्ड थर्मन याची आजी गुलामीत जन्मली होती. तिला वाचता येत नव्हते. नातू तिला बायबल वाचून दाखवी. पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे, फार तर प्रीतीवरचा तो एक अध्याय. पुढे तिने कारण सांगितले. मालकाचा गोरा उपदेशक वर्षातून अनेकदा पौलाची तीच शिकवण घेऊन येई: आज्ञाधारक, आनंदी गुलाम राहा, देव आशीर्वाद देईल. तेव्हाच तिने ठरवले होते की आपण कधी मोकळे झालो आणि वाचायला शिकलो तर हा भाग वाचायचा नाही. थर्मनने 1949 च्या आपल्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकात हे लिहिले आहे. पुस्तकाच्या नावातच वारसा नाकारलेले लोक आहेत, म्हणजे आपल्या भाषेत वतन हिरावलेले. निरक्षर म्हातारीने केलेली ही संहिताचिकित्सा मला कित्येक प्रबंधांहून मोठी वाटते. ती श्रद्धावान राहिली आणि तिने ग्रंथातली पाने नाकारली. दोन्ही एकाच वेळी.

1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले. मिसरातून इस्राएल सुटल्याची कथा त्यातून काढली होती. आज्ञाधारकपणाचा उपदेश ठेवला होता. आणि ‘प्रकटीकरण’ हे शेवटचे पुस्तक सबंध गाळले होते. हे मला प्रथम विचित्र वाटले. कारण स्वर्गातल्या बक्षिसांची सर्वांत मोठी यादी तर त्याच पुस्तकात आहे. जीवनाचे झाड, मुकुट, गुप्त ठेवलेला मान्ना, पांढरा खडा, शुभ्र वस्त्रे, सिंहासनावर जागा, सोन्याचे नगर आणि मोत्यांच्या बारा वेशी. गुलामाला गप्प बसवायचे तर याहून चांगली अफू कोणती? मग अठरावा अध्याय वाचला. त्यात बाबेल पडते. व्यापारी रडतात, कारण त्यांचा माल आता कोणी घेत नाही. मालाची यादी दिली आहे, सोन्यारुप्यापासून गुराढोरांपर्यंत, आणि यादीच्या शेवटी माणसे आहेत. माणसे विकणाऱ्यांनी हे पुस्तक का गाळले ते मग कळले. स्वर्ग चालत होता. ज्या स्वर्गाआधी बाजार कोसळतो तो स्वर्ग चालत नव्हता.

(त्या यादीविषयी एक कुरकुर. छळ सोसणाऱ्या लोकांनी आपल्या बक्षिसाची कल्पना केली ती रोमच्या दरबारातूनच उसनी आणून: मुकुट, सिंहासन, सोने. दडपलेल्यांच्या कल्पनेवर मालकाच्या वाड्याची अशी छाप राहते. आपल्या गीतांनाही सिंहासनाचा मोह कुठे सुटला आहे?)

फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळाला होता. 1855 च्या आत्मकथनात तो सांगतो की आम्ही कनानची गाणी गात होतो तेव्हा मनात स्वर्गापेक्षा जास्त काही होते. उत्तरेकडचा मुक्त प्रदेश हेच आमचे कनान होते. मालक ओसरीवरून ऐकत असेल आणि पोरे भाविक आहेत म्हणून खूश होत असेल. गाणे एक, स्वर्ग दोन.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की मी ख्रिस्ती स्वर्गाची वकिली करतो आहे. तसे नाही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर जे लिहिले, ते महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत 1989 साली पाचव्या खंडात छापले गेले. त्यातला त्यांचा आक्षेप मला आजही निरुत्तर करणारा वाटतो. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले की तुझी अवनती पूर्वकर्मामुळे. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले की ती आद्य पूर्वजाच्या पापामुळे. समाजव्यवस्थेकडे बोट कोणीच दाखवले नाही. प्रतिफळाची गोष्ट या पापाच्या गोष्टीचीच दुसरी बाजू आहे. कारण वर, उपायही वर, आणि मधला गाव तसाच. आम्ही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचून आत्मा आणि परलोक नाकारले ते या अनुभवातून. अर्थात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मयताला काय काय पोचते याविषयी आपल्याकडे जी भाषणे होतात ती ऐकली की आपण तरी ते पूर्ण वाचले का, अशी शंका येते.

आणि या मधल्या गावात काकांचा नातू आहे. तो अभियांत्रिकीला आहे. आमची भिंत एक, आमचे आडनाव एक, गावच्या लेखी आमची जात एक. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे तो अनुसूचित जातीत नाही. शिखांना त्यात 1956 साली घेतले, आम्हा बौद्धांना 1990 साली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच आहेत. 2022 साली या प्रश्नावर केंद्राने आयोग नेमला. 1990 साली आपल्यासाठी दार उघडल्यावर मागे कोण उभे आहे हे आपण किती वेळा वळून पाहिले? त्यांच्या स्वर्गाची थट्टा करणे सोपे होते. मीही केली. त्या पोराला सरकार सांगते की तू धर्म बदललास म्हणजे तुझी जात गेली, आणि गावातल्या विहिरीपासून चर्चमधल्या बाकापर्यंत त्याला कळते की गेली नाही. अशा माणसाला कोणी वतनाचे नाव काढून बोलवले तर तो जाईल.

मराठीतले नावाजलेले ख्रिस्ती साहित्य घेतले तर नारायण वामन टिळक आणि पंडिता रमाबाई ही नावे पुढे येतात. दोघेही ब्राह्मण घरातून आलेले, आणि दोघांविषयी मला आदर आहे. रमाबाईंनी तर साध्या माणसाला कळावे म्हणून सबंध बायबलचे मराठी केले. पण त्यांच्या कानात ‘वतन’ शब्द जसा वाजत असेल तसा तो येसकराच्या पोराच्या कानात वाजणे शक्य नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला 1831 साली सुरू झाले. तेव्हापासून महार-मांगांच्या किती पिढ्यांनी हा शब्द ऐकला, त्यांनी तो कसा घेतला, शेत म्हणून, सुटका म्हणून की पुन्हा तीच येसकरकी म्हणून, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात नाही.

ही नोंद करण्याचे काम मी हाती घेतले आहे. गेल्या दिवाळीत काकांनी मला आजीचे पवित्र शास्त्र पाहायला दिले, घरी नेऊ दिले नाही. नगर, जालना, सोलापूर या भागांतल्या वाचकांच्या घरी किंवा शेजारी जुनी ख्रिस्ती भजनांची वही, पाळकांच्या प्रवचनांची टिपणे, मिशन शाळेतली वाचनमाला असेल तर मला कळवावे. पुस्तक नेणार नाही. तिथेच बसून उतरवून घेईन. आणि वाचता न येणारी एखादी म्हातारी असेल, तर तिला कोणते पान ऐकायला आवडते आणि कोणते नको असते, एवढे विचारून ठेवावे.